बाभळीचे नाव आणि बाभळीची शेंग

चैत्र-वैशाखात शिवार मोकळे झाले की बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेच्या परिसरात हिरवा चारा दुर्मिळ होतो. अशा वेळी शेळ्या-मेंढ्यांना आधार असतो तो बाभळीच्या गळून पडलेल्या शेंगांचा. प्रत्येक दोन बियांमध्ये आवळलेली, करड्या लवेची ही शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते. हीच तिची खरी ओळख होय. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत ही बाभूळ इतकी रुजलेली आहे की तिचे शास्त्रीय नाव नाईल नदीवरून पडले असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः आफ्रिका, अरबस्तान आणि भारत हे सर्वच या वृक्षाचे घर. नाईलकाठी या काटेरी झाडाच्या लाकडाच्या नावा बांधल्या जात, असे वर्णन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने केलेले आहे. आपल्याकडे त्याच चिवट लाकडापासून बैलगाडीची चाके व औतफाटा घडविला गेला. लिनियसने १७५३ साली या झाडाच्या नावात ‘निलोटिका’ हा शब्द घातला आणि पुढे ते ‘अकेशिया निलोटिका’ म्हणून प्रसिद्ध झाले. अकेशिया या संपूर्ण कुळाचा नमुना म्हणूनही हेच झाड मानले जात असे.

तथापि, हे मोठे कुळ एक नसून अनेक आहे, असे अभ्यासाअंती दिसून आले. नियमाप्रमाणे जुने नाव नमुन्याच्या झाडाकडे राहावयास हवे होते. परंतु तसे झाल्यास ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत २००५ साली नमुनाच बदलण्यात आला आणि २०११ साली मेलबर्न येथे त्यावर शिक्कामोर्तब झाले. आफ्रिकेतील अभ्यासकांना हे रुचले नाही, व ते स्वाभाविकही होते. ज्या झाडावरून नाव निघाले, त्याच झाडाचे नाव गेले! आपली बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली आहे. तिचा भाऊबंद हिवर तिच्यासोबत गेला, तर खैर ‘सेनेगालिया’ या वेगळ्या कुळात गेला. मराठीने मात्र बाभूळ, हिवर आणि खैर यांना कधीच एका नावाखाली आणले नव्हते.

मराठीची गफलत झाली ती निराळ्या ठिकाणी. बाहेरून आलेल्या तीन झाडांना आपण बाभूळच म्हणू लागलो. मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ पडीक जमीन झपाट्याने व्यापते. तिची शेंग पिवळसर व गोड असते. मेक्सिकोकडील सुबाभळीला काटा नसतो, शेंगा चपट्या असून झुपक्याने लोंबतात. तिचा पाला उत्तम चारा खरा, परंतु त्यातील मिमोसिन या द्रव्यामुळे केवळ त्यावरच जनावर पोसणे हितावह नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीची शेंग पीळ पडलेली असते. सरपणासाठी ती उपयुक्त आहे, पण तिच्या पाल्याला जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत. गंमत अशी की, या चौघींपैकी अकेशिया हे नाव आज केवळ तिच्याकडेच आहे.

त्यामुळे रोपवाटिकेत ‘बाभूळ द्या’ एवढेच सांगून भागत नाही. गावठी बाभूळ, आणि बांधासाठी हवी असल्यास सरळ उंच वाढणारी, कमी सावलीची रामकाठी बाभूळ, असे स्पष्ट सांगावे. रोपावर विसंबण्याऐवजी बी स्वतः गोळा करणेही अवघड नाही. शेंगा खाऊन आलेल्या शेळ्या रात्री वाड्यात रवंथ करताना पुष्कळसे बी टाकतात, काही लेंड्यांतून पडते. अशा बियांचे कठीण कवच मऊ झालेले असल्याने ते लवकर उगवते. शेंगेतून थेट काढलेले बी मात्र उकळून खाली उतरविलेल्या पाण्यात टाकून, पाणी निवून जाईपर्यंत तसेच भिजू द्यावे आणि पावसाच्या तोंडावर बांधावर टोचावे.