घरातल्या किडामुंगीचा बारमाही बंदोबस्त: भिवंडीकरांसाठी कृती

चला, बाह्या वर करा! घर धामणकर नाक्याच्या इमारतीत असो, शांतीनगरच्या चाळीत असो की यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लागून, काम एकच आहे. भोकं बुजवायची, खरकटं उचलायचं, पाणी उघडं ठेवायचं नाही. औषधाची पाळी सगळ्यात शेवटी.

वर्ष एप्रिलपासून धरलंय, कारण पावसाआधीची कामं पावसात होत नाहीत. मधल्याच महिन्यात सुरुवात करत असाल, तर पायरी १ ते ७ आधी उरका आणि मग चालू महिन्यावर या.

हाताशी ठेवा: टॉर्च, खडू, जुनी वर्तमानपत्रं, उंदराचा पिंजरा, भांडी घासायची तारेची घासणी, थोडं सिमेंट आणि वाळू, दाराखाली लावायची रबरी पट्टी, नायलॉनची बारीक जाळी, ताठ ब्रश, बोरिक पावडर, रबरी हातमोजे, घट्ट झाकणाचे डबे.

एप्रिल-मे: पावसाआधी

१. रात्री दिवे घालवा आणि अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन ओट्याखाली, मोरीत, सिलिंडरमागे बघा. झुरळ पळालं किंवा लेंड्या दिसल्या, तिथे खडूने खूण करा. आधी दिवा लावलात तर सगळे लपतील आणि घर स्वच्छ असल्याचा भ्रम होईल.

२. खूण केलेल्या प्रत्येक भोकात कागदाचा बोळा कोंबा. सकाळी बोळा बाहेर पडलेला असेल तर बीळ वापरात आहे. बोळा जागचा हलला नाही, तरी आणखी एक रात्र थांबा.

३. वापरातल्या बिळाजवळ, भिंतीला चिकटून पिंजरा लावा. आत सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा भजी. उंदीर भिंतीच्या कडेकडेने जातो, म्हणून खोलीच्या मधोमध ठेवलेला पिंजरा रिकामाच राहतो. विष घालू नका. उंदीर भिंतीत जाऊन मेला की वासाने तुम्हालाच घर सोडावं लागेल.

४. सलग तीन रात्री पिंजरा रिकामा राहिला की भोकात तारेची घासणी ठासा आणि वरून सिमेंट लिंपा. नुसता कागद, फोम किंवा लाकडाची खुंटी लावू नका, उंदीर ती कुरतडतो. पेन्सिल जाईल एवढं भोकही सोडू नका. लहान उंदराला तेवढं पुरतं.

५. दाराखाली रबरी पट्टी बसवा. आतून टॉर्च मारा आणि बाहेरून बघा. उजेड दिसला तर पट्टी आणखी खाली घ्या.

६. न वापरल्या जाणाऱ्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. उन्हाळ्यात जाळीखालचं पाणी आटतं आणि गटारातली झुरळं सरळ वर येतात. जाळी मात्र काढून ठेवू नका.

७. बोरिक पावडर आणि कणीक दोन-दोन चमचे, साखर एक चमचा, थोडं पाणी घालून गोळ्या वळा आणि फ्रिजमागे, सिंकखाली ठेवा. हातमोजे घाला. रांगतं मूल किंवा मांजर पोहोचेल तिथे गोळी ठेवू नका. शेजारी फवारा मारलात तर झुरळ गोळीकडे फिरकणार नाही.

८. वर्षाचे गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. गरम गहू लगेच डब्यात भरू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर पंख्याखाली निवू द्या, मग भरा.

९. तांदूळ मात्र सावलीतच पसरा. कडक उन्हात दाणा तडकतो आणि कणी होते.

१०. तूरडाळीला एरंडेल चोळा, तळहात चमकेल इतकंच. जास्त झालं तर डाळ शिजायला वेळ लावते आणि वास येतो.

११. रवा, बेसन, मैदा आणल्यावर पाकिटासकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग डब्यात काढा. बाहेर काढल्या काढल्या पाकीट फोडू नका, पीठ ओलं होतं. आणि सेल्फॉससारख्या धान्यात टाकायच्या गोळ्या घरात आणूच नका. त्यांचा वायू झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

१२. गच्ची, सज्जा आणि जिन्याखालचं भंगार काढा. टायर, फुटकी बादली, रिकामे डबे सगळं जाऊ द्या. चिंध्यांची पोती किंवा सुताचे कोन ठेवावेच लागत असतील, तर फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. भिंतीला टेकलेल्या पोत्यामागे उंदीर घर करतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

जून: पहिले पाऊस

१३. पहिल्या सरींच्या संध्याकाळी बाहेरचा दिवा घालवा आणि खिडक्या लावा. पंखवाली वाळवी उजेडाकडे झेपावते. सकाळी घराच्या आतल्या कोपऱ्यात पंखांचा ढीग दिसला तर दुर्लक्ष करू नका, वारूळ जवळच असण्याची शक्यता आहे.

१४. चौकटी, कपाटाची मागची बाजू आणि जमिनीलगतच्या भिंतीवर मातीच्या नळ्या शोधा. दिसली तर एका जागी फोडा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. नळी पुन्हा बांधली गेली असेल तर माहीतगार औषधवाल्याला बोलवा. वरवर रॉकेल ओतून वाळवी जात नाही, आग लागण्याचा धोका तेवढा वाढतो.

जुलै ते सप्टेंबर: डास आणि तुंबलेलं पाणी

१५. आठवड्यातला एक वार कोरडा दिवस ठरवा. कारखान्याला सुट्टी असेल तो वार सोयीचा. त्या दिवशी पिंप, बादल्या, कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा. नळाला पुन्हा कधी पाणी येईल म्हणून पिंप तसंच ठेवू नका. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत सात-दहा दिवस पुरतात.

१६. रिकामं पिंप आतून ताठ ब्रशने घासा. नुसतं ओतून दिलंत तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात आणि पाणी भरताच जिवंत होतात.

१७. भरलेल्या पिंपावर झाकण आणि झाकणाखाली बारीक जाळी बांधा. झाकण वाकडं असेल तर नुसत्या झाकणावर विसंबू नका.

१८. कामवारीचं किंवा गटाराचं पाणी घरात शिरलं असेल, तर ओसरल्यावर गमबूट आणि हातमोजे घालून चिखल बाहेर काढा. नदीनाका, म्हाडा वसाहतीकडे राहणाऱ्यांनी गमबूट आधीच घेऊन ठेवावेत. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. उंदराच्या मुताने लेप्टो होतो.

१९. चिखल काढून झाला की ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी पुसा. त्यात फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका. विषारी वायू सुटतो.

२०. तुंबलेल्या पाण्यातून चाललात आणि अंगावर जखम असेल, तर तापाची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा आयजीएम रुग्णालयात दाखवा. "पाण्यातून चाललो होतो" हे स्वतःहून सांगा, नाहीतर तिकडे लक्ष जात नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: दिवाळीची झाडलोट

२१. कपाटातला प्रत्येक कपडा बाहेर काढून उन्हात घाला आणि कपाट पुसून कोरडं करा. ओलसर कपाटात कसर परत येते. डांबरगोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका.

२२. गावाहून आलेली बॅग आधी दाराबाहेर उघडा. शिवणींत काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. आतले कपडे गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, भिजवा. बॅग गादीवर ठेवून उघडू नका.

२३. ढेकूण पलंगात शिरले असतील तर लोखंडी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. प्लायवूडवर ओतू नका, फुगतं. १० ते १५ दिवसांनी पुन्हा ओता. उरलेल्या अंड्यांतून निघालेले तेव्हा सापडतात.

डिसेंबर-जानेवारी: उंदरांची दुसरी फेरी

२४. पायरी २ चे बोळे पुन्हा कोंबा. भाताची कापणी झाली की शेतालगतच्या पाड्यांत उंदीर घराकडे वळतात. बोळा पडला असेल तर सरळ पायरी ३ वर जा.

फेब्रुवारी-मार्च: गटाराचे डास

२५. शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. पाइप बुजवू नका, वायू कोंडतो. सुतळी उन्हात कुजते, म्हणून तार वापरा.

२६. घरासमोरचं गटार वाहतंय का बघा. तुंबलं असेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रार द्या आणि क्रमांक लिहून घ्या. गटारात डिझेल ओतून स्वतः उपाय करू नका.

सगळ्यात शेवटी

२७. एवढं करूनही त्रास उरला तरच परवानाधारक औषधवाला बोलवा आणि फवारणीआधी अन्न, भांडी, पिण्याचं पाणी झाकून घ्या. औषधाचं नाव कागदावर मागा. सांगितलेला वेळ जाऊन खिडक्या उघडेपर्यंत मुलांना आत सोडू नका.

भिंत सामाईक असेल तर कोरडा दिवस आणि बिळं बुजवण्याचा दिवस शेजाऱ्यांशी बोलून एकच ठरवा. एका खोलीतला उंदीर दुसऱ्या खोलीत जाऊन बसला तर मेहनत फुकट जाते. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून शेजारची कडी वाजवा.