ट्रॅक्टरचे ऑइल घेताना

ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्समध्ये ऑइल असते. त्याने दात्यांची झीज कमी होते. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच ऑइलवर मागची लिफ्ट चालते. ऑइल ब्रेक असले, तर तेही त्यातच बुडालेले असतात.

आमच्या शेजाऱ्याने एकदा स्वस्त म्हणून साधे गिअर ऑइल भरले. उसाची ट्रॉली घेऊन तो उतारावर आला. ब्रेक कुरकुरू लागले, नीट धरेनात. ट्रॉली बांधाला टेकली म्हणून बरे! बुडीत ब्रेकांना निराळे ऑइल लागते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मग कंपनीचाच महाग डबा घ्यावा काय? तसे नाही. ट्रॅक्टरबरोबर मिळालेले पुस्तक काढा. आता आपल्याला वाचता येते ना! त्यात ऑइलची जात छापलेली असते. ती बहुधा इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत असते. जशीच्या तशी कागदावर उतरून घ्या. कागद दुकानात न्या. तीच अक्षरे, तेच आकडे दुसऱ्या चांगल्या डब्यावर असतील, तर तोही चालतो. एक अक्षर जरी निराळे दिसले, तरी मिस्त्रीला विचारा. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेल, तर मात्र पुस्तकात सांगितलेलेच ऑइल भरा आणि पावती जपून ठेवा.

सुटे ऑइल घेऊ नका. डब्याचे सील दुकानातच पाहा.