फादरांना बोलवायचे केव्हा?
(पवित्र तेलांची ओळख)



काही महिन्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास एका घरून फोन आला, "फादर, लवकर या, बाबांचं काही खरं नाही." गाव लांबचे. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर तपासून गेले होते आणि बाबा देवाघरी गेले होते. माझ्या हातातली तेलाची डबी पाहून मुलगा म्हणाला, "आता तरी तेल लावा, फादर." मला नाही म्हणावे लागले, कारण संस्कार जिवंत माणसासाठी असतात. आम्ही सर्वांनी गुडघे टेकून मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. नंतर कळले की बाबा तीन आठवडे अंथरुणावर होते. शुद्धीवर होते, बोलत होते. "मग आधी का नाही कळवलं?" असे विचारले तर उत्तर मिळाले, "तुम्हाला दारात पाहून ते घाबरले असते."

हे उत्तर मी अनेक घरांतून ऐकले आहे. त्यात वडिलांवरची माया आहे, म्हणून मी रागावत नाही. पण या मायेपोटी आपण आपल्या माणसाला एका मोठ्या कृपेपासून दूर ठेवतो. म्हणून आज पवित्र तेलांविषयी थोडे समजून घेऊ.

तीन तेले

दरवर्षी पवित्र सप्ताहाच्या सुमारास आपल्या धर्मप्रांतातील धर्मगुरू अमरावतीच्या कॅथीड्रलमध्ये महागुरुस्वामींबरोबर एकत्र मिस्सा अर्पण करतात. त्या मिस्सात तीन तेले आशीर्वादित होतात आणि तिथून ती प्रत्येक धर्मग्रामात जातात. आपल्या सॅक्रिस्टीतील तीन लहान कुप्या अशाच आलेल्या आहेत.

पहिले, दीक्षार्थींचे तेल. स्नानसंस्काराच्या आधी बाळाच्या किंवा प्रौढ दीक्षार्थीच्या छातीवर ते लावतात. कुस्तीगीर आखाड्यात उतरण्यापूर्वी अंगाला तेल चोळतो, तसे दुष्टाशी झुंजण्याचे बळ मिळावे म्हणून हे तेल.

दुसरे, ख्रिस्मा. यात सुगंधी बाल्सम मिसळलेले असते. ख्रिस्मा अभिमंत्रित करण्याचा अधिकार फक्त महागुरुस्वामींना आहे. स्नानसंस्कारानंतर बाळाच्या टाळूवर, दृढीकरणात कपाळावर, गुरुदीक्षेत नव्या धर्मगुरूच्या तळहातांवर आणि महागुरूंच्या दीक्षेत त्यांच्या मस्तकावर ख्रिस्मा लावतात. नव्या चर्चची वेदी आणि भिंतीही ख्रिस्माने पवित्र करतात. 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थच 'अभिषिक्त', म्हणजे ज्याला तेल लावले आहे तो. तेव्हा आपण स्वतःला ख्रिस्ती म्हणतो त्या नावातही तेल आहे.

तिसरे, रुग्णांचे तेल. या लेखाचा खरा विषय तेच आहे.

पूर्वी ही तेले जैतुनाचीच लागत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी रुग्णाभ्यंगाच्या विधीची नवी मांडणी केली, तेव्हा जिथे जैतुनाचे तेल मिळणे कठीण तिथे दुसरे कोणतेही वनस्पतीजन्य तेल चालेल असे ठरले. म्हणजे गरज पडली तर आपल्याकडच्या तिळाचे तेलही चालेल. देवाची कृपा परदेशी बाटलीवर अडून राहत नाही.

'शेवटचे तेल' हा गैरसमज कुठून आला?

प्रेषितांनी पुष्कळ आजाऱ्यांना तेल लावून बरे केले असे संत मार्क सांगतो (६:१३). संत याकोब आपल्या पत्रात (५:१४-१५) लिहितो की कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, म्हणजे प्रभू त्याला उठवील. इथे शब्द 'आजारी' असा आहे, 'मरणारा' असा नाही.

पुढे मध्ययुगात हा संस्कार हळूहळू मरणाच्या उंबरठ्यापर्यंत ढकलला गेला. तेल लावून घेतल्यावर माणूस बरा झाला तर त्याला जन्मभर कडक प्रायश्चित्त पाळावे लागेल, अशीही भीती लोकांच्या मनात होती. बाराव्या शतकापासून 'अंतिम अभ्यंग' हे नाव रूढ झाले आणि त्या नावानेच लोकांना धडकी भरू लागली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली हा गैरसमज दूर केला. 'रुग्णाभ्यंग' हेच नाव अधिक योग्य आहे. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे माणसाच्या जिवाला धोका संभवू लागला की या संस्काराची वेळ आलेली असते, असे परिषदेने सांगितले. मरणासन्न व्यक्तीचा खरा शेवटचा संस्कार म्हणजे पवित्र ख्रिस्तशरीर. त्याला आपण शेवटच्या प्रवासाची शिदोरी म्हणतो. शिदोरी घ्यायलाही माणूस शुद्धीवर हवा, घास गिळता यायला हवा. उशीर केला तर तीही हुकते.

तेल काय करते?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'द्रव्य' आणि 'रूप' हे दोन शब्द आम्हाला घोकावे लागत. कुंभाराच्या हाती माती असते, तिला आकार मिळाला की मडके होते. संस्कारात तेल हे द्रव्य आणि धर्मगुरूची प्रार्थना हे रूप. दोन्ही एकत्र आली की संस्कार घडतो. म्हणून तेल म्हणजे जादू नव्हे आणि औषधाची जागाही ते घेत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. जू जिथे बसले आणि कातडी राठ झाली, नेमकी तीच जागा. रुग्णाभ्यंगात तेल कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात. घराची चिंता वाहिलेले कपाळ आणि जन्मभर कापूस वेचलेले, भाकरी थापलेले हात. या स्पर्शातून प्रभू आजाऱ्याला मनाची शांती आणि दुखणे सोसण्याचे बळ देतो. त्याचे दुःख आपल्या क्रूसावरच्या दुःखाशी जोडतो. पापनिवेदन करण्याची शक्ती उरली नसेल, तर पश्चात्तापी मनाला पापक्षमाही देतो. देवाची इच्छा असेल तर शरीरालाही आराम पडतो.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत वॉर्डांची दारे बंद होती. कितीतरी जण हा स्पर्श न मिळताच गेले. तेव्हा आमचाही नाइलाज होता आणि तुमचाही. आज दार उघडे आहे. ते आपण आपल्या भीतीने बंद करू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनच्या आधी हा संस्कार घेता येतो का? हो. गंभीर आजारासाठी ऑपरेशन असेल तर नागपूरला किंवा सावंगीला निघण्यापूर्वी कळवा.

म्हाताऱ्या माणसांना? हो. विशेष आजार नसला तरी वार्धक्याने शक्ती खूप कमी झाली असेल तर घेता येतो.

लहान मुलांना? या संस्काराने बळ मिळते एवढे समजण्याइतके मूल मोठे असेल तर हो.

पुन्हा घेता येतो का? बरे होऊन परत गंभीर आजार झाला किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडली, तर पुन्हा देता येतो.

सिस्टर किंवा कॅटेकिस्ट तेल लावू शकतात का? नाही. हा संस्कार फक्त धर्मगुरू देऊ शकतात. ते आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना मात्र जरूर करू शकतात.

प्रार्थना-शिबिरातून आणलेले तेल चालेल का? ते तेल म्हणजे संस्कार नव्हे. त्याच्या भरवशावर फादरांना बोलवायचे टाळू नका.

माणूस गेला की नाही याची खात्री नसेल तर? तरीही लगेच बोलवा. शंका असेल तर संस्कार द्यावा असाच ख्रिस्तसभेचा नियम आहे.

शेवटी एक विनंती. ज्या घरी आजारी माणूस आहे त्या घरी मी नुसता भेटायलाही येतो, चहा घेतो, गप्पा मारतो. असे जाणे-येणे राहिले तर तेलाची डबी पाहून कोणी दचकणार नाही. आजी-आजोबांना आजच विचारा, "फादरांना बोलवू का?" माझा अनुभव असा की घाबरतात ती मुले, म्हातारी माणसे बहुधा वाटच पाहत असतात.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू