आधी उसवून पाहा

कस्टम ब्रोकरीचं जी-कार्ड हातात आलं, छान झालं. ताईने पाठवलेले पेढे पोचले. त्याबदल्यात मामाकडून चार गोष्टी घे. न्हावा शेव्यावर कापडाचे कंटेनर सोडवता सोडवता माझे केस पिकले, पण यातलं एकही कुठल्या क्लासमध्ये शिकलो नाही.

आपण मराठीत मागावरच्या कापडाला विणलेलं म्हणतो आणि सुयांवरच्या स्वेटरलाही विणलेलंच. कस्टमला हे चालत नाही. मागावर ताणा आणि बाणा एकमेकांना ओलांडतात. ते कापड बहुतेक कस्टम टॅरिफच्या चॅप्टर ५० ते ५५ मध्ये जातं. फाशातून फासा काढून केलेलं निटिंग गेलं चॅप्टर ६० मध्ये. इन्व्हॉइसवर नुसतं ‘पॉलिएस्टर फॅब्रिक’ लिहिलेलं असेल तर भिंग काढ आणि फासे दिसतात का ते बघ.

साठमध्ये शिरलीस की प्रश्न क्रमानेच विचार. उडी मारलीस की चुकलीस.

पहिला प्रश्न, अंगावर लव किंवा फासे उभे आहेत का? वेलूर, प्लश, टेरी असेल तर हेडिंग ६००१, पुढे बघायचं नाही. अशा कापडावर प्लास्टिकचा थर असला तरी ते ६००१ मध्येच राहतं. बाकीच्या निटवर नुसत्या डोळ्यांना दिसणारा प्लास्टिकचा थर असला, तर ते बहुधा साठमधून उठून ५९०३ मध्ये जाऊन बसतं. थरामुळे फक्त रंग बदललेला दिसत असेल, तर तो धरायचा नाही.

मग रुंदी. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या पट्ट्या ६००२ किंवा ६००३ मध्ये. ताक्याने येणारा माल त्याहून रुंदच असतो.

रुंद मालात वजनाच्या पाच टक्के किंवा जास्त लायक्रासारखा इलास्टोमेरिक धागा किंवा रबर असेल तर ६००४. हे वार्प निटच्या आधी विचारायचं, कारण लायक्रावालं वार्प निटही ६००४ मध्येच जातं. तेवढा लायक्रा नसलेलं वार्प निट ६००५, आणि उरलेलं सगळं ६००६. कापलेल्या कडेचा धागा ओढून बघ. साधं सर्क्युलर निट सरसर उसवतं, वार्प निट सहसा हट्टाने तसंच राहतं.

ताणलं जातं म्हणजे लायक्राच, असं समजू नकोस. टेक्श्चर्ड पॉलिएस्टरही हातात छान ताणलं जातं, पण नियम त्याला इलास्टोमेरिक मानत नाही. धागा सोडवून दहा सेंटिमीटरवर खुणा कर. तीसपर्यंत ओढल्यावर तुटता कामा नये. वीसपर्यंत ओढून सोडलास की पाच मिनिटांत पंधराच्या आत यायला हवा. टेबलावर पट्टी ठेवून मी हे कितीदा केलंय. अर्थात टक्केवारी लॅबच सांगणार. एकदा मी पॅकिंग लिस्टवरचे चार टक्के डोळे झाकून घेतले. लॅबने पाचाच्या वर काढले, माल अडकला, कंटेनरच्या डिटेन्शनचं बिल वाढत गेलं आणि आयातदार पार्टीची बोलणी मी खाल्ली. शंका असेल तर आधीच फर्स्ट चेक माग, त्यात कमीपणा नाही.

आता तंतू. पॉलिएस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक हे सिंथेटिक. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यातून येतं म्हणून ते आर्टिफिशियल, त्याचे सबहेडिंग वेगळे. काडी लावलीस तर पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, व्हिस्कोस कागदासारखं जळतं. मिश्रणात वजनाने जास्त असेल तो तंतू जिंकतो. कॉटन-पॉलिएस्टर निम्मं-निम्मं असेल तर क्रमांकाने शेवटचा चॅप्टर धरायचा, म्हणजे पॉलिएस्टर. शेवटी रंग. सिंथेटिक ६००६ मध्ये कोरं किंवा ब्लीच केलेलं सबहेडिंग ३१, रंगवलेलं ३२, रंगीत धाग्यांचं ३३, छापलेलं ३४.

हे सगळं इतकं का घोटायचं? मार्च २०२४ मध्ये डीजीएफटीने, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाने, ६००६ खालच्या पाच कोडांवर किलोला साडेतीन डॉलर किमान आयात किंमत लावली. लगेच फोन सुरू झाले, “हे दुसरीकडे कुठे बसत नाही का हो?” पुढे यादी वाढली. फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये निटेड कापडाच्या नऊ कोडांवर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त असेल ते, अशी ड्युटी आली. हिशेब कर, किलोला ५७५ रुपयांच्या खालच्या मालाला ११५ रुपयेच भरावे लागतात. मग पार्टी तुला कोड सुचवणारच. चहा घे, ऐकून घे, आणि कोड कापड बघूनच टाक. पार्टीला फारच खात्री असेल तर मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करायला सांग.

२०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे. मागणीची नोटीस एरवी दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, लपवाछपवीचा आरोप असला तर पाच. तोवर ताका कधीच शिवून विकला गेलेला असतो. म्हणून प्रत्येक फाइलला तळहाताएवढा तुकडा पिनून ठेव, वर बिल ऑफ एंट्रीचा नंबर घाल. माझ्या माळ्यावर तशा तुकड्यांनी भरलेलं एक खोकं आहे. मामी दर दिवाळीला ते भंगारात काढायला निघते. या वेळी येशील तेव्हा घेऊन जा.