पायाखालची वाळू

मुलांनो, डब्यात तांदूळ भरताना अम्मी डबा दोन-चार वेळा जमिनीवर ठोकते, हे तुम्ही पाहिले असेल. दाणे एकमेकांजवळ सरकतात आणि डब्यात वर जागा होते. आता समजा, दाण्यांमधल्या फटींत पाणी भरलेले आहे. मग ते जवळ कसे येणार? आधी पाणी बाहेर पडले पाहिजे. जपानमधील कोबे बंदराची गोष्ट या पाण्याचीच आहे.

कोबे शहराच्या मागे रोक्को डोंगर आणि पुढे समुद्र. जागा अपुरी पडू लागली, म्हणून १९६६ साली डोंगराची माती समुद्रात टाकून 'पोर्ट आयलंड' हे बेट तयार करण्याचे काम सुरू झाले. बेटाच्या कडेला बोटींसाठी धक्का हवा होता. तेथे समुद्रतळाचा मऊ चिखल काढून वाळू भरली आणि तिच्यावर काँक्रीटच्या प्रचंड पेट्या बसवल्या. १९९४ साली कंटेनरच्या वाहतुकीत कोबे जगात सहावे होते.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. (मराठीत बोट जिथे लागते तो धक्का आणि भूकंपाचा हादरा हाही धक्काच! त्या पहाटे एका धक्क्याने दुसरा हलवला.) या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली.

बंदरात पाण्याने भरलेली वाळू व माती हादरली. दाणे जवळ येऊ लागले, पण पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. सारा भार पाण्यावर आला, दाणे सुटे झाले आणि घट्ट वाटणारी जमीन पातळ चिखलासारखी झाली. याला द्रवीकरण म्हणतात. पेट्या समुद्राकडे कलल्या, काही तर पाच मीटरपर्यंत सरकल्या. मागची जमीन खचली. क्रेनचे पाय वाकले.

त्याच बेटावर काही ठिकाणची जमीन मात्र फारशी खचली नाही. तेथे यंत्राने हादरे देऊन माती आधीच दाबून घेतली होती. अम्मीने डबा ठोकला होता, म्हणा ना!

पुन्हा बांधणी करताना इंजिनिअरांनी सैल वाळू दाबून घट्ट केली. काही ठिकाणी जुन्या भिंतीच्या पुढे, खोल रोवलेल्या पोलादी खांबांवर नवा धक्का उभारला. सुमारे दोन वर्षांत बंदर उभे राहिले. पण तोपर्यंत अनेक जहाजांनी दुसरी बंदरे धरली होती. कोबेला तो सहावा क्रमांक पुन्हा मिळाला नाही.