जुना लॅपटॉप उघडताना : छंद, हुन्नर आणि हिशेब

जुनी वस्तू दुरुस्त करणे आपल्या कारागीर बांधवांना नवे नाही. शिलाई मशीनचे शटल घासले, पंख्याचा बुश सैल झाला, टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला, तर वस्तू टाकून देण्याआधी ती एकदा उघडून पाहायची, हा आपला जुना रिवाज. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र चांगले हुन्नरी लोकही कचरतात. "त्यात चिप असते, ते आपले काम नव्हे," असे म्हणून दोन-तीन हजारांची वस्तू भंगारवाल्याला दोन-तीनशे रुपयांत देऊन टाकतात. आम्ही गेली काही वर्षे रात्री दुकान बंद झाल्यावर जुने लॅपटॉप उघडून बसतो. हा आमचा धंदा नाही, छंद आहे. त्यात आनंद किती, मगजमारी किती आणि शेवटी हिशेब कुठे बसतो, हे वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

नवशिक्याने कोणते यंत्र हाती घ्यावे, हा पहिला प्रश्न. आमचे मत थिंकपॅडच्या बाजूने आहे. आयबीएम कंपनीने १९९२ साली हे नाव बाजारात आणले आणि २००५ मध्ये तो सगळा विभाग लेनोव्होकडे गेला. त्यातही २०११ साली आलेली टी-४२० आणि एक्स-२२० ही दोन मॉडेल शिकाऊ हातांसाठी उत्तम. कंपनीने दुरुस्तीचे पुस्तक लपवून ठेवलेले नाही. कोणता भाग आधी काढायचा, कोणता नंतर, हे त्यात चित्रांसह दिलेले आहे. यंत्राच्या पोटावर स्क्रूच्या भोकांशेजारी बारीक खुणा कोरलेल्या असतात, त्यावरून की-बोर्डचे स्क्रू कोणते ते कळते. हार्ड डिस्क एक स्क्रू काढला की बाहेर येते. टी-४२० मध्ये रॅमची एक पट्टी पोटाखालच्या झाकणात आणि दुसरी की-बोर्डखाली असते, हे ठाऊक नसल्याने "दुसरी जागाच नाही" असे समजून बसणारे आम्ही पाहिले आहेत. (पहिल्या वेळी आम्हीही त्यांतलेच होतो.) टी-४२० चा प्रोसेसर खोबणीत बसवलेला असल्याने बदलता येतो, एक्स-२२० चा बोर्डावरच डाखलेला आहे. आजच्या पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत रॅमही डाखलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. शिकण्याची सुरुवात तेथून करू नये.

बिघाड शोधण्याचा क्रम ठरवून घ्यावा, नाहीतर रात्र वाया जाते. आम्ही आधी चार्जर मीटरवर पाहतो. या पिढीच्या थिंकपॅडला २० व्होल्ट लागतात. तेवढे येत नसतील तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारणच उरत नाही. मग बॅटरी काढून केवळ चार्जरवर चालू करायचे. दिवा लागतो पण पडदा काळा राहतो, असे असेल तर रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून एकेक करून लावून पाहायची. पट्टीची सोनेरी किनार शाळकरी पोरांच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली की कित्येक "मेलेले" लॅपटॉप उठून बसतात. ज्या यंत्राला बाजारात मदरबोर्ड गेला म्हणून सांगितले जाते, ते एका खोडरबराने चालू झाले की होणारी खुशी आम्हाला शब्दांत सांगता येणार नाही.

पंख्याची गोष्ट तर आपल्या शिंपी बांधवांच्या घरचीच. थिंकपॅड सुरू करताना पंखा फिरत नसेल तर पडद्यावर 'फॅन एरर' अशी अक्षरे येतात आणि यंत्र आपणहून बंद होते. नवा पंखा मागवण्याआधी जुना बाहेर काढावा, पात्यांत अडकलेली कापसासारखी धूळ ब्रशने काढावी आणि आसाच्या ठिकाणी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. एकच थेंब. दोन सोडले तर तेल पात्यांवर उडते आणि धूळ दुप्पट बसते. प्रोसेसरवरची जुनी सुकलेली पेस्ट स्पिरिटने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी. धुळीने भरलेला, भट्टीसारखा तापणारा लॅपटॉप एवढ्या कामाने थंड होतो. गिऱ्हाईक विचारते, "नवीन काय टाकले?" काही नाही, असे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही.

आता आमच्या चुकांकडे येऊ.

पहिल्याच वर्षी आम्ही एका एक्स-२२० चा पडदा बदलला. घाईत बॅटरी काढायची राहिली आणि तशीच पडद्याची वायर जोडली. यंत्र सुरू झाले, पण पडद्यावर अंधार. टॉर्च तिरपी धरून पाहिले तर अक्षरे अंधुक दिसत होती. म्हणजे पडदा चांगला होता, त्याच्या मागचा उजेड गेला होता. बोर्डावर त्या उजेडासाठी एक फ्यूज असतो, तिळाच्या दाण्याएवढा. बॅटरी लागलेली असताना वायर जोडली की तो उडू शकतो, हे आम्हाला नंतर कळले. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने सूक्ष्मदर्शकाखाली गरम हवेच्या बंदुकीने तो दहा मिनिटांत बदलून दिला आणि आमच्याकडून फक्त चहा घेतला. तो आमच्या निम्म्या वयाचा, पण या बाबतीत उस्ताद तोच. तेव्हापासून बॅटरी काढल्याशिवाय आम्ही एकही स्क्रू फिरवीत नाही.

स्क्रूंचेही तसेच. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो सरळ बोर्डात घुसतो आणि आतले बारीक तांब्याचे रस्ते तोडतो. वरून काही दिसत नाही. आम्ही बर्फाचा जुना ट्रे ठेवला आहे, काढलेल्या क्रमाने एकेका खणात स्क्रू टाकायचे.

पण ज्या चुकीची रुखरुख अजून जात नाही, ती वेगळी आहे. आमच्या ओळखीचे एक रंगाचे दुकानदार. पेंटर लोक महिनाभर माल उधार नेतात आणि काम संपल्यावर पैसे देतात, अशी त्या धंद्याची रीत. अडीच वर्षांची सगळी उधारी त्यांच्या लॅपटॉपवर होती. तो चालू होईना म्हणून मोठ्या भरवशाने त्यांनी आमच्याकडे आणला. कान लावला तर हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज येत होता. त्याच वेळी हात मागे घ्यायला हवा होता. परंतु छंदी माणसाला मोह आवरत नाही. एकदा सुरू करून पाहिले, फाइली दिसल्या, थोड्या कॉपी झाल्या, मध्येच अडकले. पुन्हा सुरू केले. पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज बदलला, घासल्यासारखा झाला. ते समोरच बसले होते. म्हणाले, "भाई, आता राहू द्या. आवाज वेगळा येतोय."

डिस्क गेली. नंतर माहीतगारांनी सांगितले की टक्-टक् करणाऱ्या डिस्कमधले वाचकाचे डोके बिघडलेले असते, प्रत्येक वेळी सुरू करताना ते तबकडीवर घासण्याचा धोका वाढतो. असे काम डेटा काढून देणाऱ्या खास कार्यशाळेचे. त्यांनी पुढे आमच्यापाशी एक शब्दही तक्रार केली नाही. वहीत पूर्वी लिहिलेल्या नोंदी आणि बिलांच्या जुन्या प्रती यांवरून खाते पुन्हा उभे केले, पेंटर लोकांना एकेक बोलावून विचारले. बहुतेकांनी आपली रक्कम आपणहून सांगितली. काहींनी नाही सांगितली. ती रक्कम आमच्या चुकीच्या खात्यावर पडली, असे आम्ही मानतो.

म्हणून आता नियम असा : कोणाचाही लॅपटॉप आला की पहिला प्रश्न, यात काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे. डिस्क आजारी पण अजून चालणारी असेल, तर तीवरून फाइली उघडून पाहत बसायचे नाही. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो चांगला भाग आधी आणि बिघडलेला भाग शेवटी वाचत संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. जे शोधायचे ते त्या नकलेत शोधायचे. आणि आवाज येत असेल तर, "हे आमचे काम नाही," असे सरळ सांगायचे. दुसऱ्याच्या डिस्कवरचे खाते आणि घरचे फोटो ही अमानत आहे. जुना लॅपटॉप विकत घेतला असेल तर आम्ही आत डोकावत नाही, आधी सगळे पुसून काढतो.

खरेदीतही सावध राहावे. पासवर्डने कुलूपबंद असलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला असतो, आतली छोटी बॅटरी काढून तो जात नाही. विकणाऱ्याला पासवर्ड माहीत नाही आणि पावतीही नाही, तर माल चोरीचा असू शकतो. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो बेइमानीने घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. कचेऱ्यांतून लिलावाने निघणारा माल पावतीसह मिळतो, तो चार पैसे महाग पडला तरी बरा.

काही बिघाडांपुढे हात टेकावे लागतात. २००७-०८ च्या सुमारास अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत बसवलेल्या एन्व्हिडियाच्या काही ग्राफिक चिपा आतल्या जोडणीत कमकुवत निघाल्या. जुलै २००८ मध्ये खुद्द एन्व्हिडियाने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. अशी चिप तापवली की यंत्र काही दिवस, कधी काही आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते. तापवून विकणारे आहेत. गिऱ्हाईकाला ते सांगत नाहीत. त्या काळातला लॅपटॉप घ्यायचाच तर इंटेलच्या ग्राफिकचा घ्यावा.

बॅटरीचे सेल बदलण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. लिथियमच्या सेलला सरळ कैया टेकवून डाख देणे म्हणजे आगीशी खेळ. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात टाकू नये. वाया गेलेले बोर्ड आणि बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्याव्यात. तांब्यासाठी वायरी जाळण्याने आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत धूर जातो.

यंत्र चालू झाल्यावर त्यात काय घालायचे, हा प्रश्न आता जास्त अवघड झाला आहे. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला जी चिप व प्रोसेसर लागतो तो २०११ च्या यंत्रात नाही. आम्ही लिनक्स मिंट घालतो. ते मोफत आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालते, मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करता येते. विद्यार्थ्याला, पत्रव्यवहाराला, बिल छापायला पुरते. मात्र व्यापारी बांधवांना आधीच सांगावे की टॅली त्यावर सरळ चालत नाही. हे न सांगता विकले तर माल दुसऱ्या दिवशी परत येतो आणि तो येणे रास्तच आहे.

आता हिशेब. २०२४ मधील एका टी-४२० चे आकडे आमच्या वहीतून देतो. खरेदी २,२०० रुपये. २५६ जीबीची एसएसडी १,६००. बॅटरी १,९००. की-बोर्ड ७५०. पेस्ट, स्पिरिट वगैरे १५०. एकूण ६,६००. डिप्लोमा करणाऱ्या एका मुलाला तो ७,५०० ला दिला. उरले ९००. वेळ गेला तीन रात्री मिळून नऊ तास, म्हणजे तासाला शंभर रुपये. त्यातून लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्यांचे भाडे वजा करायचे आहे, ते आम्ही वहीत लिहिलेच नाही. छंदात असे चालते, धंद्यात चालणार नाही.

धंदा करायचाच असेल तर एकेक नग घेऊ नये. एकाच मॉडेलचे पाच-सहा नग एकदम घ्यावेत. त्यातल्या दोघांचे पडदे, बिजागऱ्या, की-बोर्ड उरलेल्यांना लागतात आणि सुट्या भागांचा खर्च निम्म्यावर येतो. एकच मॉडेल पुन्हा पुन्हा उघडल्याने हातही बसतो : पहिल्याला नऊ तास लागले तर सहाव्याला दोन पुरतात. जीएसटीची नोंदणी असणाऱ्यांनी जुन्या मालासाठी नियम ३२(५) ची सोय हिशेबनिसाला विचारून घ्यावी, त्यात कर खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो.

हत्यारे फार लागत नाहीत. चांगल्या पोलादाचे दोन बारीक फुलीचे पेचकस (स्वस्तातले स्क्रूचे डोके खातात), एक डिजिटल मीटर, प्लास्टिकची पट्टी, मऊ ब्रश, चिमटा. डाख देण्याचे सामान पहिल्या वर्षी घेऊ नये. भंगारातून एक पूर्ण मेलेला लॅपटॉप आणावा आणि तो पुस्तकाप्रमाणे शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून पुन्हा बंद करावा. ट्रेमध्ये एकही स्क्रू उरत नाही तोवर पुन्हा उघडावा. दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप त्यानंतर हाती घ्यावा.