संग्रहालय घडवणाऱ्या माणसांच्या नोंदी कशा जपाव्यात

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, सलीम अली १९२६ साली गाइड लेक्चरर म्हणून रुजू झाले. ते पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले म्हणून ही गोष्ट टिकली. पण पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरणारे, काचेची कपाटे जोडणारे, वस्तूच्या तळाशी बारीक ब्रशने क्रमांक रंगवणारेही तिथे होतेच. त्यांच्या नावांशिवाय कुठल्याच मोठ्या संग्रहालयाचा इतिहास पुरा होत नाही. तो जपण्याची ही कृती.

साहित्य : मऊ ब्रश, पेन्सिली, आम्लमुक्त कागद आणि खोकी, सुती फीत, आर्द्रतामापक, रेकॉर्डर, स्कॅनर, हार्ड डिस्क. सोबत एक अभिलेखपाल, एक मुलाखतकार आणि जुन्या लोकांना नावानिशी ओळखणारा एखादा निवृत्त कर्मचारी.

कृती

१. आधी माणसे गाठा. कागद नीट झाकून ठेवले तर आणखी एक पावसाळा काढतील. ऐंशी पार केलेल्या सुताराचा किंवा पहारेकऱ्याचा भरवसा धरता येत नाही. निवृत्तांची यादी काढा आणि वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीपासून सुरुवात करा.

२. मुलाखत घरी जाऊन घ्या. लेखी संमती घ्या. काय लगेच खुले करायचे आणि काय काही वर्षांनी, हे त्यांनाच ठरवू द्या. ‘तुमचं काम काय होतं?’ असे विचारले की पदनाम कळते. ‘सकाळी दालन उघडल्यावर आधी काय करायचात?’ असे विचारले की काम कळते. सोबत जुना समूहफोटो न्या. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून चेहऱ्यांच्या बाह्यरेषा हलक्या हाताने काढा, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि सांगतील तशी नावे लिहा. मूळ फोटोच्या पाठीवर पेनाने काही लिहू नका. बोलणे मराठी, कोकणी, गुजराती, ज्या भाषेत असेल तसेच ठेवा.

३. कागद कुठे कुठे आहेत ते पाहा. विश्वस्तांच्या सभांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, आवक-जावक वह्या, हजेरीपट, सेवापुस्तके, नकाशे, काचेच्या निगेटिव्ह : सगळ्यांची जागांसह यादी करा. बाहेरही शोधा. उदाहरणार्थ, मुंबईच्या या संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली, जॉर्ज विटेट यांनी आखलेली इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि लोकांसाठी दारे उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. मधल्या वर्षांचे धागे सरकारी दप्तरांत, म्हणजे पुराभिलेखागारात, शोधायला हवेत.

४. मूळ क्रम मोडू नका. कारकुनाने ज्या क्रमाने फायली लावल्या, त्यावरून कार्यालय कसे चाले ते समजते. विषयवार नवी मांडणी करण्याचा मोह टाळा.

५. सफाई आणि साठवण. धूळ ब्रशने झटका, गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मुंबईच्या हवेत बुरशी आणि कसर हे मोठे शत्रू. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर ठेवा. खोकी जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर असावीत.

६. माणसांची सूची करा. नाव, पद, वर्षे, विभाग आणि माहितीचा आधार. अ‍ॅक्सेशन रजिस्टरमधली, म्हणजे वस्तू दाखल करण्याच्या नोंदवहीतली, अक्षरे आणि सह्या या सूचीशी ताडून पाहा. मग वस्तू कोणी आणली, कोणी नोंदवली, कोणी दुरुस्त केली हे सांगता येते.

७. स्कॅन करा आणि प्रती पांगवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, तेव्हा आदिवासी भाषांच्या ध्वनिमुद्रणांचा अनमोल ठेवाही जळाला. एकाच छपराखाली ठेवलेली प्रत आगीत मूळ प्रतीबरोबरच जाते.

८. खासगी बाबी राखा. आजारपण, शिस्तभंग, घरचा पत्ता असे तपशील खुल्या यादीतून वेगळे काढा, पण नष्ट करू नका.

९. लोकांपुढे ठेवा. १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनी, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना बोलवा. अनोळखी चेहऱ्यांच्या फोटोंच्या प्रती टेबलावर मांडा, शेजारी पेन्सिली ठेवा. मिळालेले प्रत्येक नाव सांगणाऱ्याच्या उल्लेखासह सूचीत घ्या. वस्तूच्या पाटीवर देणगीदाराइतकेच जतन करणाऱ्याचेही नाव लिहा.

१०. नियम करून टाका. जो कोणी निवृत्त होईल, मग तो संचालक असो की सफाई कामगार, त्याची मुलाखत शेवटच्या महिन्यात, कामाच्या जागेवरच व्हावी. हात आणि हत्यारे समोर असताना जे सांगता येते, ते नंतर घरी बसून सगळे आठवत नाही.